मूडची वाट न पाहता: रोजच्या छोट्या सर्जनशील कामाची सुरुवात कशी करावी

चित्र काढायचं, काही लिहायचं, विणायचं, वाजवायचं असं मनात असूनही बरेच जण एकाच वाक्यापाशी अडतात: "आज मूड नाही." मन प्रसन्न असेल तरच हातून काही चांगलं घडतं, असा त्यामागचा समज असतो. रोजच्या जगण्यात क्रम बऱ्याचदा उलटा असतो. आधी हात कामाला लागतात आणि मन मागाहून सावरतं, कधी कधी तर थेट दुसऱ्या दिवशी. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, किंवा शाळा सुटल्यापासून ज्यांनी रंगांना हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

हा क्रम उलटा कसा?

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या टॅमलिन कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५८ तरुणांना सलग १३ दिवस रोज नोंद करायला सांगितली. आज किती सर्जनशील काम झालं आणि मन कसं होतं, असे साधे प्रश्न. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी एखाद्याने एरवीपेक्षा जास्त सर्जनशील काम केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला जास्त उत्साही वाटत होतं, जगण्यात रस आणि अर्थ जास्त जाणवत होता. उलट दिशेने मात्र असा संबंध दिसला नाही. आज उत्साह भरपूर होता म्हणून उद्या सर्जनशील काम जास्त झालं, असं घडत नव्हतं.

या नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तरी नवख्या माणसासाठी यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. अर्धा तास चित्र काढून उठलात आणि मन होतं तसंच राहिलं, तर ते काम फुकट गेलं असं लगेच ठरवू नका. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचा असतो.

मन खचलेलं असताना काय होतं, हे पीटर लुइन्सोन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मांडलं. मन खाली गेलं की माणूस आवडीच्या गोष्टी सोडतो. त्या सुटल्या की बरं वाटण्याचे प्रसंग कमी होतात आणि मन आणखी खाली जातं. या विचारातून पुढे वाढलेली उपचारपद्धत आजही वापरात आहे. तिचं सूत्र असं की इच्छा होण्याची वाट पाहायची नाही, ठरलेली छोटी कृती करायची आणि मग मनाकडे पाहायचं. आपल्याला रोजच्या आयुष्यात हेच करायचं आहे, फक्त कृती सर्जनशील हवी.

पायरी १: "सर्जनशील" या शब्दाची भीती घालवा

सर्जनशीलतेचा अभ्यास करणारे जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेगेटो यांनी तिच्या चार पातळ्या सांगितल्या आहेत. सर्वात वर इतिहास घडवणारी प्रतिभा, तिच्याखाली व्यावसायिक कलावंतांचं काम, मग घरीदारी दिसणारी रोजची कल्पकता, आणि सर्वात मुळाशी शिकताना स्वतःपुरतं सुचलेलं काहीतरी नवं. आपलं काम शेवटच्या दोन पातळ्यांवर आहे. जगाला ते नवं वाटण्याची गरज नाही. जुन्या कपड्याची पिशवी शिवणं, नेहमीच्या पदार्थात स्वतःच्या अंदाजाने बदल करणं, खोलीतल्या वस्तूंची वेगळी मांडणी, लहान मुलाला सांगायला रचलेली गोष्ट, झाडाच्या सावलीचे टिपलेले फोटो, सगळं यात बसतं.

एक अट मात्र हवी: त्यात तुमचा एखादा तरी निर्णय असला पाहिजे. रंग कोणता, शब्द कोणता, कुठे थांबायचं. नुसतं दुसऱ्यांचं काम पाहत बसणं आनंदाचं असतं, पण ती वेगळी गोष्ट आहे.

पायरी २: दोन आकड्यांची वही

कामाला लागण्याआधी एक छोटी वही घ्या. मनाची नोंद "चांगलं" किंवा "वाईट" अशी केली की काही दिवसांनी तिच्यातून फारसं काही कळत नाही, कारण मूडला दोन बाजू असतात. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांचा जो नकाशा मांडला त्यात हेच आहे: एका अक्षावर सुखद ते दुःखद, दुसऱ्यावर थंडावलेलं ते चेतलेलं. घाबरणं आणि उदास होणं, दोन्ही दुःखदच. पण घाबरलेल्या माणसाच्या अंगात खळबळ असते आणि उदास माणसाला उठवत नाही. दोघांना एकच उपाय सांगून भागत नाही.

म्हणून रोज दोन आकडे लिहा, दोन्ही १ ते ५ मध्ये. पहिला मनाचा: १ म्हणजे फार वाईट, ५ म्हणजे छान. दुसरा ऊर्जेचा: १ म्हणजे गळून गेल्यासारखं, ५ म्हणजे स्वस्थ बसवत नाही. कामाआधी एकदा, कामानंतर एकदा आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर एकदा. तारीख, काय केलं आणि किती मिनिटं, एवढंच सोबत. "विणकाम, २० मिनिटं, आधी २-४, नंतर ३-३, सकाळी ३-३" इतकी नोंद पुरे. झोप फार कमी झाली असेल किंवा दिवसभरात काही मोठं घडलं असेल तर तेही दोन शब्दांत लिहा, नाहीतर पुढे सगळं श्रेय किंवा दोष विणकामाच्या माथी जाईल.

नोंदीला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ती जास्त सविस्तर होते आहे. वही हे साधन आहे. तिच्यात मन उकरत बसायचं नाही.

पायरी ३: आजच्या मनाप्रमाणे काम निवडा

सगळ्यात जास्त विचार करायचा तो इथे. "मला काय जमतं" हा प्रश्न बाजूला ठेवून "आज माझ्या मनाची अवस्था काय आहे" हा प्रश्न विचारला की निवड सोपी होते. आपले दोन आकडे इथे कामाला येतात.

*मन वाईट, ऊर्जा जास्त.* छातीत धडधड, डोक्यात दहा विचार, हात रिकामे राहत नाहीत. अशा वेळी ज्यात हातांची तीच तीच हालचाल आहे आणि पुढची कृती आधीच ठरलेली आहे असं काम घ्या: विणकाम, क्रोशा, भरतकाम, छापील नक्षीत रंग भरणं, मणी ओवणं, माती मळणं. नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधी सगळ्यांना थोडं चिंतेत टाकलं. मग काहींना गोलाकार मंडलात रंग भरायला दिले, काहींना चौकड्यांच्या नक्षीत आणि काहींना कोरा कागद दिला. नक्षी मिळालेल्या दोन्ही गटांची चिंता कोऱ्या कागदाच्या गटापेक्षा जास्त उतरली. त्यामुळे चिंतेच्या दिवशी "मनमोकळं काहीही काढा" हा सल्ला मला पटत नाही. कोरा कागद अस्वस्थ माणसाला आणखी एक प्रश्न घालतो. त्या दिवशी चौकट आधार देते.

*मन वाईट, ऊर्जा कमी.* ही सगळ्यात अवघड जागा. कल्पना सुचण्याची अपेक्षा इथे ठेवूच नका. दुसऱ्याचं काहीतरी हाताने उतरवण्यापासून सुरू करा: आवडती कविता सुवाच्य अक्षरात लिहा, एखादं साधं चित्र गिरवा, ओळखीची चाल गुणगुणा. उतरवून झालं की त्यात एकच बदल करा. एक ओळ आपली, एक रंग वेगळा, शेवटचा सूर थोडा लांब. सर्जनशील भाग तेवढाच, पण तो तुमचा असतो.

उदास असताना दुःखच कागदावर यायला हवं, असा एक समज आहे. जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांनी हे तपासून पाहिलं. लोकांचं मन आधी उदास केलं, मग काहींना ती भावना चित्रात व्यक्त करायला सांगितली, तर काहींना तिच्याशी संबंध नसलेलं काहीतरी काढायला सांगितलं. दुसऱ्या गटाचा मूड जास्त सुधारला. थोड्या वेळापुरता आराम हवा असेल, तर समोरच्या कपाचं, चपलेचं, खिडकीच्या गजांचं चित्र काढणं ही पळवाट समजू नका. मनाला तेवढी सुट्टी मिळू द्या.

*राग.* "काढून टाका राग, आपटा, फोडा" हा सल्ला फार ऐकू येतो. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याने आपल्याला चिडवलं त्याचा विचार करत ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. काही न करता स्वस्थ बसलेल्यांचा त्यापेक्षा कमी राहिला. म्हणून रागात काम असं घ्या ज्यात जोर आहे, पण लक्ष त्या माणसावर नसून कामावर लागतं. रद्दी कागद फाडून त्यांचं चिकटचित्र बनवा, पण रंगांच्या छटा लावण्याचं बंधन घालून. टेबलावर बोटांनी ठेका धरा, पण मोजून आणि हळूहळू लय वाढवत. मातीचा गोळा आपटायचा असेल तर आपटा, मग त्याचं भांडं करा.

*मन कोरडं, नुसता कंटाळा.* इथे उलट, थोडं अवघड काम हवं. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९६० च्या दशकात शिकाऊ चित्रकारांचं निरीक्षण केलं तेव्हा एक गोष्ट त्यांना चकित करून गेली. चित्र चालू असताना ही मंडळी तहानभूक विसरायची, आणि चित्र पूर्ण झालं की त्यातला त्यांचा रस संपायचा. म्हणजे ओढ वस्तूची नव्हती, करण्याची होती. त्या तल्लीनतेच्या पुढच्या अभ्यासात त्यांना दिसलं की काम आपल्या कौशल्याच्या अगदी आवाक्यात असेल तर कंटाळा येतो, फार पलीकडे असेल तर धास्ती वाटते. मन रमतं ते थोडंसं ताणावं लागतं तिथे. कंटाळ्याच्या दिवशी स्वतःवर एखादी अट घाला: फक्त निळ्या वस्तूंचे दहा फोटो, एकही जोडाक्षर न वापरता सहा ओळींची गोष्ट, तीनच सुरांची चाल.

*मन छान, ऊर्जा भरपूर.* हा दिवस वाया घालवू नका. मॅथाइस बास आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मूड आणि सर्जनशीलतेवरच्या उपलब्ध प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. सुखद आणि चेतलेल्या मनःस्थितीत कल्पना जास्त सुचतात, असा त्यातला एक ठळक निष्कर्ष होता. म्हणून नवा प्रकल्प, अवघड टाका, न जमणारं वाद्य अशाच दिवशी हाती घ्या. आणि चांगल्या दिवशी वाईट दिवसाची सोय करून ठेवा: लोकर गुंडाळून सुया अडकवून ठेवा, चार नक्षी छापून ठेवा, उतरवायच्या कवितांवर खूण करून ठेवा. मन खचलेलं असताना पेन्सिलीला टोक काढणंसुद्धा डोंगराएवढं वाटतं.

पायरी ४: वेळ आणि जागा ठरवा

"वेळ मिळाला की करीन" याला ठरवणं म्हणत नाहीत. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की "अमुक झालं की मी तमुक करीन" अशा नेमक्या वाक्यात ठरवलेली गोष्ट पार पडण्याची शक्यता वाढते. तुमचं वाक्य लिहून काढा: "संध्याकाळचा चहा झाला की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून २० मिनिटं विणीन." चहा झाला हा इशारा, खुर्ची ही जागा, २० मिनिटं ही मर्यादा.

साहित्य डोळ्यासमोर ठेवा, कपाटात नाही. फोन दुसऱ्या खोलीत. वेळ मोजायला साधं घड्याळ वापरा, कारण फोनवर वेळ पाहायला गेलेला माणूस बराच वेळ परत येत नाही.

महागडं सामान आत्ता घेऊ नका. चांगल्या कागदावर रेघ मारायला हात धजत नाही, आणि सुरुवातीला भरपूर वाईट रेघा मारायच्या असतात.

पायरी ५: पहिली बैठक

पहिल्यांदा बसल्यावर साधारण पाच मिनिटं वाईट जातात. काय हे बालिश, काय उपयोग, याचं काय करायचं, असं मन म्हणत राहतं. ते म्हणणं थांबवायचा प्रयत्न न करता हात चालू ठेवायचा. पंधरा ते वीस मिनिटं पहिल्या आठवड्याला पुरेत. खाली तीन बैठका दिल्या आहेत, त्यातली कुठलीही एक घ्या.

रेघेची बैठक: समोर कुठलीही वस्तू ठेवा. पेनचं टोक कागदावर टेका आणि नजर वस्तूच्या कडेवर. नजर मुंगीच्या चालीने कडेवरून फिरवायची आणि पेन तिच्यासोबत. कागदाकडे पाहायचं नाही, पेन उचलायचं नाही. चित्र वेडंवाकडंच येणार. चित्रकला शिकवणारे हा सराव मुद्दाम करून घेतात, कारण त्यात नजर पक्की होते आणि "बरोबर आलं का" हा प्रश्नच उरत नाही. एका वस्तूची चार चित्रं करा, दर वेळी वस्तू थोडी फिरवून.

शब्दांची बैठक: आज दिसलेल्या पाच गोष्टी लिहा, प्रत्येकीला एक ओळ. सुंदर, छान, मस्त असे शब्द वर्ज्य. रंग, आवाज, वास, आकार आणि हालचाल एवढंच लिहायचं. मग त्यातल्या दोन ओळी निवडून त्यांच्यामध्ये बसेल अशी तिसरी ओळ रचा. ती तिसरी ओळ कुठून येते हे सांगता येत नाही, आणि त्यातली गंमत मला दर वेळी तेवढीच वाटते.

आवाजाची बैठक: ओळखीच्या गाण्याची चाल घ्या, शब्द काढून टाका, गुणगुणत राहा. तिसऱ्या वेळी एका जागी थांबा आणि चाल दुसरीकडे न्या. परत मूळ चालीवर या. आवाज बरा नाही ही अडचण इथे येत नाही, ऐकणारे तुम्हीच आहात.

वेळ संपली की थांबा, रंगात आला असलात तरीही. उद्या कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहून ठेवा. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी तुम्हाला परत बोलावतं, पूर्ण झालेलं काम तसं बोलावत नाही.

कौशल्य नाही म्हणून फायदा होणार नाही, ही शंका मनातून काढा. ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि चिकटकाम यांपैकी हवं ते करायला दिलं. २०१६ च्या या अभ्यासात जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, आधीपेक्षा कमी झालं. पूर्वी कला केलेले आणि न केलेले यांच्यात फरक आढळला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा अभ्यास शेवटचा शब्द नाही. पण सराव नसलेला माणूस मागे पडत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

पायरी ६: पहिले काही आठवडे कोणाला दाखवू नका

हा माझा ठाम आग्रह आहे. लगेच फोटो काढून टाकला की पुढचं काम करताना डोक्यात पाहणारे बसतात. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढणं मुळातच आवडत होतं अशा काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांना ते मिळालंही. पुढे मोकळ्या वेळात या मुलांनी चित्रांवर घालवलेला वेळ बाकीच्या मुलांच्या निम्म्यावर आला. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं होतं, त्यांचा रस मात्र टिकून राहिला. बक्षीस वाईट नसतं. बक्षिसासाठी करायला लागलो की करण्याची गोडी कमी होते.

दाखवायचंच असेल तर अशा एका माणसाला दाखवा जो "छान" किंवा "वाईट" न म्हणता "हे कसं केलंस?" असं विचारतो.

दुखऱ्या गोष्टींबद्दल लिहायचं असेल तर

रोजनिशी हा अनेकांचा पहिला पर्याय असतो, म्हणून याबद्दल वेगळं लिहायला हवं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बीअल यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. पण पुढच्या काही महिन्यांत, प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पेनेबेकर यांनी नंतर लेखनाचं विश्लेषण केलं तेव्हा दिसलं की ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कारणं शोधणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला.

यातून करायची गोष्ट अशी. दुखऱ्या विषयाला आधीच मर्यादा घाला: १५ मिनिटं, तीन-चार दिवस, मग बंद. पहिल्या दिवशी काय घडलं ते लिहा, पुढे त्याचा अर्थ काय लागतो, ते आज कसं दिसतं याकडे जा. चौथ्या दिवशीही तीच वाक्यं तशीच येत असतील तर ते लेखन आता तेच दुःख उगाळतं आहे. वही मिटा आणि पायरी ३ मधलं हातांचं काम घ्या. झोपण्याच्या अगदी आधी असं लेखन करू नका. आणि एखादा आघात अगदी ताजा असेल, किंवा आठवणीने अंग थरथरत असेल, तर हा विषय एकट्याने उघडू नका.

सोबत हवी की एकांत?

दोन्ही चालतं. मात्र एकटेपणा हेच मुख्य दुखणं असेल, तर घरात एकट्याने विणत बसण्यापेक्षा समूहात गाणं उपयोगी पडू शकतं. आयलुन्ड पिअर्स, जॅक लोने आणि रॉबिन डनबार यांनी २०१५ मध्ये प्रौढांच्या नव्याने सुरू झालेल्या वर्गांची तुलना केली: काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतले लोक एकमेकांच्या जवळ आले होते, पण गाणाऱ्यांमध्ये ही जवळीक सर्वात लवकर झाली.

खाडा पडला तर

पडणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग घेतला. त्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयी होत्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणासाठी हिशोब २५४ दिवसांवर गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं बसू नका. नेहमीची वीस बसा. फारच जीवावर आलं असेल तर तीन मिनिटं: एक ओळ, दोन टाके, एक रेघ. वहीत तीन मिनिटांचीही नोंद करा.

हे पुरेसं नसतं तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यापासून उपचारांना हातभार लावण्यापर्यंत कलेचा उपयोग त्यात मांडला आहे. हातभार हा शब्द महत्त्वाचा. मन सतत खाली राहणं किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे किंवा जास्त टिकलं, झोप आणि भूक बिघडली, रोजची कामं होईनात, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या. विणकाम त्याची जागा घेऊ शकत नाही. एरवी अगदी कमी झोपेतही खूप चेतलेलं वाटणं, रात्रंदिवस कल्पनांचा पूर येणं आणि हातून न पेलणारे निर्णय होणं, हेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, भले त्या काळात चित्रं भराभर होत असोत.

कला-उपचार हा वेगळा, प्रशिक्षण घेऊन केला जाणारा व्यवसाय आहे. हे नाव ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये वापरात आणलं. क्षयरोगातून बरं होत असताना ते स्वतः आरोग्यधामात चित्रं काढत, आणि मग तिथल्या इतर रुग्णांनाही त्यांनी त्यात ओढलं. प्रशिक्षित उपचारकाबरोबर चित्र काढणं आणि घरी संध्याकाळी रंगवणं, दोन्ही चांगलं, पण दुसऱ्याकडून पहिल्याची अपेक्षा ठेवू नका.

चार आठवड्यांनी वही वाचताना

आता वही उघडा आणि फक्त तीन गोष्टी पाहा. "आधी" आणि "नंतर" यांतला फरक कोणत्या कामाला सर्वात जास्त दिसतो? दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे आकडे कोणत्या कामानंतर चढलेले आहेत? ही दोन कामं वेगळी असू शकतात. रंग भरून लगेच शांत वाटतं आणि सकाळी काही उरत नाही, तर बासरीच्या सरावाने त्या वेळी चिडचिड होते आणि सकाळ बरी जाते, असंही होतं. दोन्ही ठेवा, कामं वाटून द्या: पहिलं अस्वस्थ संध्याकाळसाठी, दुसरं नेमाने.

तिसरी गोष्ट ऊर्जेच्या आकड्याची. मन ३ वरून ३ वरच राहिलं, पण ऊर्जा ५ वरून ३ वर आली असेल, तर अस्वस्थ माणसासाठी तो बदलच आहे. मनाच्या आकड्यावरच नजर ठेवणाऱ्याला तो दिसत नाही.

ज्या कामाने सहा-सात नोंदींमध्ये काहीच हललं नाही ते सोडून द्या, कितीही जणांनी शिफारस केलेली असली तरी. त्याच्या जागी पायरी ३ मधलं, आजवर न केलेलं एक काम घ्या, नवं वाक्य लिहा ("अमुक झालं की मी...") आणि त्याला पुढचे चार आठवडे द्या. आकडे तेच, वही तीच.